टोल फ्री समजून लावलेला नंबर आणि आत्याचे ८१ रुपये ७५ पैसे

एवढ्याशा रकमेसाठी एवढं मोठं लिहायचं का असं कुणालाही वाटेल, पण ज्या घरात औषधं, गॅस आणि दूध यांचा हिशोब वहीत दहा-दहा रुपयांनी मांडलेला असतो तिथे ८१ रुपये ७५ पैसे ही छोटी रक्कम नसते, आणि हे पैसे नक्की कुठे गेले ते कळायलाच आम्हाला बरेच दिवस लागले. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतोय. कंपनीचं आणि बँकेचं नाव घेत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या सिमवर आणि कुठल्याही बँकेच्या बाबतीत होऊ शकतं.

माझी आत्या ७१ वर्षांची आहे, वाईला एकटी राहते, फॅमिली पेन्शनवर भागवते. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. इंटरनेटची गरज नाही म्हणून मी तिला फक्त कॉल आणि एसएमएसचा ८४ दिवसांचा पॅक मारून देतो. असे बिनडेटाचे पॅक ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या) आदेशानंतर जानेवारी २०२५ पासून परत मिळायला लागले, त्याआधी म्हाताऱ्या माणसांनाही उगाच डेटाचे पैसे भरायला लागायचे. तर हा पॅक अनलिमिटेड कॉलिंगचा, म्हणजे आत्याच्या मते (आणि खरं सांगायचं तर माझ्याही मते) पॅक संपेपर्यंत कुठेही फोन केला तरी एक पैसा कापला जाणार नाही.

एका शनिवारी ती एटीएममधून ३,००० रुपये काढायला गेली, मशीनने नोटा मोजल्याचा आवाज केला, पावती आली, पैसे काही आले नाहीत आणि खात्यातून ३,००० वजा झाल्याचा मेसेज मात्र आला. रविवारी बँक बंद. सोमवारी दहा वाजता ती शाखेच्या दारात हजर, तिथे काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की काकू, आधी कस्टमर केअरला फोन करून तक्रार नोंदवा, नंबर बाहेर भिंतीवर लावलाय, टोल फ्री आहे.

हा भिंतीवरचा कागद मी नंतर स्वतः जाऊन पाहिला, फोटोही काढला. साधा ए-फोर कागद, वर जाड अक्षरात "ग्राहक सेवा टोल फ्री क्रमांक" असं शीर्षक आणि त्याच्या खाली दोन नंबर, पहिला १८०० ने सुरू होणारा आणि दुसरा १८६० ने. वरच्या नंबरावरून सेलोटेपची पट्टी गेलेली, ती उन्हाने पिवळी पडून शेवटचे दोन आकडे दिसेनासे झालेले, खालचा नंबर मात्र स्वच्छ वाचता येत होता. आत्याने पिशवीतल्या छोट्या डायरीत जो वाचता आला तो उतरवला, तिच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

घरी येऊन फोन लावला तर पलीकडून रेकॉर्डेड बाई बोलली की आपल्या खात्यात हा कॉल करण्यासाठी पुरेसा बॅलन्स नाही. माझ्या मते सगळं प्रकरण इथेच उलगडायला हवं होतं, कारण कॉल खरंच फुकट असेल तर बॅलन्स मागेल कशाला? पण ७१ वर्षांच्या माणसाला ३,००० अडकलेत याचीच धाकधूक होती, तिला वाटलं पॅक संपला. ती रिचार्जच्या दुकानात गेली, तिथल्या मुलाने बघून सांगितलं की आजी पॅक चालू आहे, पण मेन बॅलन्स शून्य दाखवतोय, थोडा टॉकटाइम टाकून ठेवा म्हणजे फोन लागेल. तिने १०० रुपये दिले. १०० च्या टॉप-अपमधून १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी गेल्यावर हातात पडतात ८१ रुपये ७५ पैसे. तेवढे जमा झाले आणि फोन खरंच लागायला लागला, त्यामुळे मुलाचा सल्ला बरोबर ठरला असंच दोघांना वाटलं. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याच्यासमोर दिवसाला शंभर गिऱ्हाईकं उभी असतात.

मग सोमवार ते बुधवार आत्याने चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी भाषा निवडा, कार्डासाठी हे बटण दाबा, खात्यासाठी ते दाबा, खाते क्रमांक टाका आणि शेवटी हॅश दाबा. बटणाच्या फोनवर तेरा-चौदा आकडी खाते क्रमांक पासबुकात बघत बघत टाकायचा म्हणजे तिला चष्मा वर-खाली करायला लागतो, एक आकडा चुकला की परत पहिल्यापासून. मग ते संगीत, आणि मधेमधे आपण रांगेत आहात. तिसऱ्या कॉलमधे एकदाचा माणूस लागला, त्याने दोन मिनिटं बोलून दुसऱ्या विभागाकडे देतो म्हणून परत होल्डवर टाकलं आणि तो कॉल तुटला. बुधवारी चौथ्या कॉलला एक मुलगी लागली, छान मराठीत बोलत होती, तिने आत्याचं नाव विचारलं, खात्याचे शेवटचे चार आकडे विचारले आणि जन्मतारीख सांगा म्हणाली, आत्या "सात जून" एवढं बोलली आणि फोन बंद पडला. परत लावला तर पुन्हा तीच बाई, पुरेसा बॅलन्स नाही.

मी त्या रविवारी वाईला गेलो तेव्हा आत्याने पहिलं वाक्य काय म्हटलं तर "अरे, माझा फोन पैसे खातोय." दुकानातला मुलगा तोवर म्हणाला होता की कॉलर ट्यून किंवा कसली तरी सर्व्हिस चालू झाली असेल. ही शंका अगदीच चुकीची नव्हती, कारण असे प्रकार एके काळी सर्रास व्हायचे, म्हणून तर अशा सर्व्हिस बंद करायला १५५२२३ हा सगळ्या कंपन्यांसाठी एकच नंबर ठेवलेला आहे. आम्ही त्यावरून तपासलं, काहीही चालू नव्हतं. मग कीपॅडवर चुकून दुसरीकडे फोन लागला का बघितलं, कॉल लॉगमधे गेल्या आठवड्यातले कॉल म्हणजे मी, तिची मैत्रीण, दूधवाला आणि हा बँकेचा नंबर चार वेळा. बँकेचा नंबर मी बघितला आणि सोडून दिला. तो टोल फ्री आहे असं तिने सांगितलं होतं आणि १८ ने सुरू होणारा लांबलचक नंबर म्हटल्यावर मलाही तसंच वाटलं, मी चार आकडे नीट वाचलेच नाहीत.

त्यानंतर १९८ ला फोन केला. हा नंबर तक्रारीसाठी असतो आणि त्यावर पैसे लागत नाहीत, १२१ वेगळा, तिथे माणसाशी बोलायला कंपन्या तीन मिनिटांना ५० पैसे घ्यायच्या, म्हणून तक्रार असेल तर थेट १९८ च लावावा. तिथल्या मुलाने सांगितलं की बॅलन्स स्पेशल नंबरच्या कॉलमधे वापरला गेलाय. कुठला स्पेशल नंबर, तर ते माझ्या स्क्रीनवर दिसत नाही सर. मी डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतला आणि आयटमाइज्ड बिल मागितलं. प्रीपेडवालं गिऱ्हाईक असलं तरी मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा कॉलवार तपशील मागता येतो, कंपनी त्यासाठी जास्तीत जास्त ५० रुपये घेऊ शकते आणि ३० दिवसांत द्यायला लागतो, ट्रायच्या २०१२ च्या नियमात हे आहे. बहुतेक लोकांना वाटतं की बिल फक्त पोस्टपेडला असतं. कंपनीच्या साताऱ्याच्या स्टोअरमधल्या मुलीलाही तसंच वाटत होतं, तिने आतून विचारून आणलं. आत्याच्या सहीचा अर्ज, आधारची प्रत, ५० रुपये, आणि बाराव्या दिवशी ईमेलवर पीडीएफ आली. म्हणजे ८१ रुपये कुठे गेले हे कळायला अजून ५० खर्च झाले, हे मला तेव्हाही बोचलं आणि आताही बोचतंय.

पीडीएफमधे शेकडो ओळी शून्य रुपयांच्या, आणि फक्त चार ओळींपुढे रक्कम:

सोमवार, ८६० सेकंद, २१.५० रुपये
सोमवार, ४०० सेकंद, १०.०० रुपये
मंगळवार, १,१५२ सेकंद, २८.८० रुपये
बुधवार, ८५८ सेकंद, २१.४५ रुपये

बेरीज ८१.७५. चारही ओळींत नंबर तोच, १८६० वाला. दर निघतो सेकंदाला अडीच पैसे, म्हणजे मिनिटाला दीड रुपया. बुधवारचा कॉल १४ मिनिटं १८ सेकंदांनी का तुटला तेही कळलं. बँकेच्या मुलीने फोन आपटला नव्हता, त्या सेकंदाला आत्याचा शेवटचा पैसा संपला होता. आत्या तोपर्यंत समजत होती की आपण तारीख हळू सांगितली म्हणून तिने ठेवून दिला. हे मी तिला समजावून सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला, आणि माझ्या दृष्टीने ते ५० रुपये तिथे वसूल झाले.

आता १८०० आणि १८६० यांत फरक काय, ते जरा सविस्तर लिहितो. हे दोन्ही नंबर म्हणजे कुठल्या टेबलावर ठेवलेल्या फोनचे नंबर नसतात. टेलिफोन कंपनीच्या नेटवर्कमधे एक तक्ता असतो, तुम्ही हा नंबर फिरवला की नेटवर्क त्या तक्त्यात बघतं की खरा कॉल कुठे द्यायचा, मुंबईच्या कॉल सेंटरला की चेन्नईच्या, दिवसा कुठे रात्री कुठे. आणि पैसे कोणाच्या खात्यावर टाकायचे हेसुद्धा नंबराच्या सुरुवातीवरूनच ठरतं. १८०० असेल तर कॉलचा खर्च नंबर घेणाऱ्या संस्थेचा, फोन करणाऱ्याला शून्य. १८६० असेल तर ती सोय फक्त एवढीच की देशभरात एकच नंबर, कुठूनही लावा एसटीडी (दुसऱ्या गावाच्या कॉलचा जादा दर) पडणार नाही, पण लोकल कॉलचे पैसे फोन करणाऱ्याचे. टेलिकॉमच्या भाषेत पहिला फ्रीफोन, दुसरा युनिव्हर्सल ॲक्सेस नंबर. संस्थेला १८६० स्वस्त पडतो हे उघड आहे, कारण होल्डवरच्या वीस मिनिटांचं बिल तिला येत नाही.

लोकल कॉलचेच पैसे, मग अनलिमिटेड पॅकमधे लोकल फुकट असताना हा का नाही, हा पुढचा प्रश्न, आणि गोंधळाची खरी गाठ इथे आहे. एसटीडीच्या जमान्यात "कुठूनही लोकल दराने" ही खरोखर मोठी सवलत होती, वाईहून मुंबईला बोलायचं तर मिनिटाला किती पडायचं हे त्या पिढीला विचारा. आज पॅकमधे देशभर कुठेही फुकट बोलता येतं, पण पॅकच्या अटींत एक ओळ असते की स्पेशल नंबर, प्रीमियम नंबर, शॉर्टकोड (मोजक्या आकड्यांचे छोटे नंबर) यांना पॅक लागू नाही, आणि आत्याच्या कंपनीने १८६० त्या गटात टाकलेला होता. म्हणजे चेन्नईच्या साध्या मोबाइलवर तासभर बोललो तर शून्य आणि सवलतीचा म्हणून जन्मलेला नंबर लावला तर मिनिटाला दीड रुपया. सगळ्या कंपन्यांचा दर आणि नियम एकसारखा नाही, त्यामुळे आपापल्या पॅकच्या अटी बघायला लागतात.

आपल्याकडे टोल फ्री या शब्दाचा घोळ तसा जुना आहे. ज्यांनी लँडलाइनच्या काळात जाहिराती वाचल्यात त्यांना आठवेल की नंबराखाली बारीक अक्षरात "फक्त बीएसएनएल, एमटीएनएल लाइनवरून टोल फ्री" असं असायचं, मोबाइलवरून तो लागायचाच नाही. परदेशातही हे झालंय. अमेरिकेत ८०० चे नंबर १९६७ मधे सुरू झाले, कल्पना तीच की पैसे फोन घेणाऱ्याने द्यायचे. ब्रिटनमधे ०८०० चे नंबर लँडलाइनवरून फुकट पण मोबाइलवरून पैसे, अशी स्थिती कित्येक वर्षं होती, तिथल्या ऑफकॉम या नियामकाने १ जुलै २०१५ पासून ते मोबाइलवरूनही फुकट करायला लावले. माझा चुलतभाऊ तिकडे असतो, तो सांगतो की तिथे अजूनही ०८४ आणि ०८७ चे नंबर लावताना आधी दर बघायला लागतो. आणि परदेशातल्या मराठी लोकांसाठी एक सांगायचं म्हणजे भारतातला १८०० नंबर तिकडून सहसा लागत नाही, आणि रोमिंगवर लागलाच तर रोमिंगचे पैसे पडू शकतात, म्हणून बँका परदेशातून फोन करायला ९१ वाला वेगळा साधा नंबर देतात, तोच लिहून ठेवावा.

बरं, पैसे कापल्याचं आत्याला त्याच वेळी कळायला हवं होतं ना? नियमाप्रमाणे प्रीपेडवर प्रत्येक कॉलनंतर किती कापले आणि किती उरले ते स्क्रीनवर यायला हवं, आणि ते आलंही होतं. आत्या म्हणाली की हो, फोन ठेवला की काहीतरी चौकोन यायचा, इंग्रजीत, मी लाल बटण दाबून घालवायचे. अनलिमिटेड पॅकवर तो चौकोन वर्षानुवर्षं शून्य रुपयेच दाखवत आलाय, त्यामुळे सगळ्यांनाच तो न वाचता घालवायची सवय लागलीय. ज्या एका दिवशी त्यात शून्याऐवजी २१.५० आलं त्या दिवशीही तो तसाच दिसला, तेवढाच, त्याच अक्षरात. तिला तो मराठीत आला असता तर तिने वाचला असता, मराठी पेपर ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते.

कंपनीकडे मी डॉकेटवर उत्तर मागितलं, उत्तर आलं की आकारणी टॅरिफप्रमाणे (छापील दरपत्रकाप्रमाणे) बरोबर आहे. मग अपील केलं. प्रत्येक कंपनीत अपिलेट अथॉरिटी असते, उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत तिथे अपील करता येतं, फी नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यायला लागतो. मी अपिलात लिहिलं की दर छापलेला आहे हे मान्य, पण पॅक विकताना अनलिमिटेड हा शब्द मोठा आणि ही अट कुठेतरी आत, इंग्रजीत, वेबसाइटवर, जी आत्याच्या फोनवर उघडतच नाही. अपील फेटाळलं. कागदावर बघितलं तर कंपनीचं म्हणणं बरोबर आहे, मला ते मान्य करायला लागतं, पण एक गोष्ट त्यांच्या हातात होती. बॅलन्स नाही असं सांगायला त्यांची रेकॉर्डेड बाई येऊ शकते, तर कॉल जोडायच्या आधी "या नंबरला मिनिटाला दीड रुपया लागेल" हे पाच सेकंदांचं वाक्य सांगायलाही ती येऊ शकते. मला हे फार कठीण काम वाटत नाही. मीटर सुरू होतं तेव्हा समोर माणूस नसतो, मशीनने फोन उचलला की सुरू होतं, म्हणजे "मराठीसाठी तीन दाबा" हे ऐकतानाच पैसे जायला लागलेले असतात, हे तरी आधी कळायला नको का?

इथून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं पूर्वी सांगायचे, ते आता खरं नाही, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मधे स्पष्ट केलंय की जाता येतं. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र पाठवून थांबून राहू नये. मी आयोगात गेलो नाही, कारण सगळं बघितल्यावर माझं मत असं झालं की मुळात चूक बँकेच्या भिंतीवर होती.

म्हणून पीडीएफ आणि कागदाचा फोटो घेऊन शाखेत गेलो, आत्याही आली. मॅनेजर साहेब चांगले होते, बसवलं, पण म्हणाले की अहो १८६० म्हणजे टोल फ्रीच, आम्ही सगळ्यांना तेच सांगतो. मी वाद घातला नाही. तिथे शिपाईकाका चहा घेऊन आले होते, त्यांना विचारलं काका तुमच्या फोनवर बॅलन्स किती, ते म्हणाले पॅक आहे, बॅलन्स काही नाही. म्हटलं जरा स्पीकरवर हा नंबर लावा. त्यांनी १८६० वाला लावला आणि साहेबांच्या केबिनमधे ती बाई बोलली, आपल्या खात्यात पुरेसा बॅलन्स नाही. मग त्याच फोनवरून १८०० वाला लावला, तो दुसऱ्या सेकंदाला लागला, बँकेत आपलं स्वागत आहे. साहेब दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले मी अकरा वर्षं नोकरी करतोय, मला हे माहीत नव्हतं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला कारण त्यांनी सारवासारव केली नाही. ही चाचणी कुणालाही करता येते, मेन बॅलन्स शून्य असलेल्या प्रीपेडवरून नंबर लावून बघा, खरा टोल फ्री असेल तर लागतो, पैशांचा असेल तर बहुतेक वेळा तो बॅलन्स मागतो. पोस्टपेडवाल्यांना ही सोय नाही, त्यांना बिल आल्यावरच कळणार, आणि बिलात असे दहा-वीस रुपये कोणी शोधत बसत नाही.

तिथेच लेखी तक्रार दिली, पोच घेतली. त्यात दोन गोष्टी मागितल्या, कागद दुरुस्त करा आणि आत्याचे कॉलचे पैसे द्या, कारण टोल फ्री हे शब्द तुमचे होते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, हेही पत्रात नम्रपणे लिहून ठेवलं. बाविसाव्या दिवशी आत्याच्या खात्यात १०० रुपये जमा झाले आणि सोबत दोन ओळींचं पत्र आलं. आयटमाइज्ड बिलाचे ५० धरले तर अजून हिशोब पुरा जुळत नाही, पण आत्या म्हणाली बास आता, आणि मी थांबलो.

आणि ते ३,००० रुपये? ते गुरुवारीच, म्हणजे पाचव्या दिवशी, आपोआप खात्यात परत आले होते. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने स्वतःहून परत करायचे आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. सोमवारी काउंटरवर तिला एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं की काकू गुरुवारपर्यंत थांबा, तर चारही कॉल करायची गरज नव्हती. मला यातलं सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं तर ह्याचं.

हे वाचून कुणी आपल्या बँकेचा १८०० नंबर इंटरनेटवर शोधायला जाईल, तर तिथेही सांभाळून. सर्चमधे वर येणारे कस्टमर केअरचे नंबर कितीतरी वेळा भामट्यांचे असतात, तिथे दीड रुपया नाही तर अख्खं खातं जातं, आणि तसं झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागून, पासबुकावरून किंवा बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, आणि घेताना पहिले चार आकडे मोठ्याने वाचायचे.

गेल्या महिन्यात पासबुक भरायला आत्याबरोबर परत शाखेत गेलो होतो. भिंतीवर नवीन कागद आहे, १८०० च्या पुढे "मोफत" आणि १८६० च्या पुढे "कॉलचे पैसे लागतील", दोन्ही मोठ्या अक्षरात, आणि सेलोटेप चारही कोपऱ्यांना लावलेली, आकड्यांवरून नाही. पासबुकाच्या शेवटच्या पानावर मात्र दोन्ही नंबर अजून त्याच एका शीर्षकाखाली छापलेले आहेत, तो छापील साठा वरच्या ऑफिसमधून येतो. काउंटरवरच्या त्याच मुलीसमोर नव्या पासबुकांचा गठ्ठा होता आणि ती एकेक उघडून १८६० च्या पुढे लाल पेनाने "पैसे लागतात" असं लिहीत होती.